रस्त्यात समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याला तुम्ही हात करता का?

चोक_ओढून_पाहा

गेल्या महिन्यात पुण्याहून दापोलीला एकटाच गेलो. ताम्हिणीमार्गे, माझ्या १२५ सीसी स्कूटरवर. (हसायचं त्यांनी आत्ताच हसून घ्या.) मुळशी मागे पडलं आणि समोरून सात-आठ जणांचा ताफा आला. जाकिटं, गुडघ्यांना गार्ड, मागे दोन्ही अंगांना ॲल्युमिनियमच्या पेट्या. माझ्या पुढे एक बुलेटवाला होता, त्याला पहिल्याने डावा हात उंचावून सलाम ठोकला. बुलेटवाल्यानेही ठोकला. मला उगाच भरून आलं. मीही हात वर केला. पहिला गेला, दुसरा गेला, तिसऱ्याने बघून न बघितल्यासारखं केलं. शेवटचा मात्र मान हलवून गेला. बहुधा त्यांच्यातला नवशिका असावा.

तेवढ्या एका मानेवर मी खूश. पुढच्या वळणाआधी समोरून स्प्लेंडरवर एक आजोबा आले, मागे गवताचा भारा. त्यांनीही हात दाखवला. तळवा खाली, दोनदा हवेत थोपटल्यासारखा. म्हटलं, बघा, याला म्हणतात माणुसकी, ना जाकीट ना पेट्या. मी तस्साच हात करून, वर 'राम राम' घालून, आनंदाने गाडी जराशी पिळलीच. वळणापलीकडे रस्त्याच्या मधोमध नऊ म्हशी बसल्या होत्या. आकडा पक्का आहे, थांबल्यावर मोजायला भरपूर वेळ मिळाला.

तर प्रश्न असा, की हा हात करण्याचा काही नियम आहे का? कोणी कोणाला करायचा? स्कूटरवाल्याने करावा की गपगुमान कडेने जावं?

घाटवळण

म्हशींना हात केलात की नाही? (हलके घ्या.)

आधी हाताचं गणित सांगतो. आपण रस्त्याच्या डावीकडून जातो, म्हणजे समोरचा आपल्या उजव्या अंगाने येतो. उजव्या हातात ॲक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक, तो सोडून चालत नाही. राहिला डावा. तो समोरच्याला दिसायचा तर डोक्याएवढा वर न्यावा लागतो. परदेशातले व्हिडिओ पाहून हल्ली बरेच जण डावा हात खाली सोडून दोन बोटं दाखवतात. अमेरिकेत ते बरोबर आहे, तिथे वाहतूक उजवीकडून, त्यामुळे समोरचा डाव्या अंगाने जातो. इथे तीच बोटं टाकीआड लपतात आणि समोरच्याला वाटतं, हा गुडघा खाजवतोय.

मी नुसती मान हलवतो. घाटात, वळणावर, ओल्या रस्त्यावर तीही नाही. सरळ रस्त्यावर सगळ्यांना. सीसी बघत नाही.

हडसनकाठचा

न्यू जर्सीतून. वरचं गणित अगदी बरोबर. इथे डावा हात मांडीपाशी, दोन बोटं जमिनीकडे. अर्थ असा सांगतात, की तुझी दोन्ही चाकं जमिनीवरच राहोत. थंडीभर गाडी गॅरेजात बॅटरी चार्जरला लावून झोपलेली असते. मग एप्रिलमध्ये पहिला उन्हाचा रविवार उगवला की सगळे एकदम बाहेर पडतात आणि दर अर्ध्या मिनिटाला हात. क्लच धरायला हात मोकळा मिळत नाही अशी परिस्थिती.

ही प्रथा कुठून आली याची कथाही सांगतात. १९०४ साली विल्यम हार्ली आणि आर्थर डेव्हिडसन आपापल्या गाड्यांवरून समोरासमोर आले, त्यांनी एकमेकांना हात केला, बघणाऱ्यांना वाटलं अशी रीतच आहे. पुरावा विचारला की सांगणारा कॉफी आणायला जातो.

आणि धागाकर्ते, स्कूटरवाल्याला हात न करणारे इथेही आहेत. तो रोग पेट्यांबरोबर आयात झाला असावा.

लेस्टरकर

इंग्लंडातही वाहतूक डावीकडून, म्हणून इथेही मानच. मान खाली नाही, किंचित आडवी, एका खांद्याकडे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं याच्या मानेत लचक भरली आहे.

स्कूटर विरुद्ध मोटरसायकल हे भांडण मात्र इथलं जुनं. १९६४ मध्ये स्कूटरवाले मॉड्स आणि मोटरसायकलवाले रॉकर्स यांची ब्रायटनच्या समुद्रकिनाऱ्यावर चांगली जुंपली होती. एकीकडे सूट घालून व्हेस्पा-लॅम्ब्रेटावर, दुसरीकडे चामड्याची जाकिटं. तुम्हाला नुसतं बघून न बघितल्यासारखं केलं, स्वस्तात सुटलात.

अवांतर: डिपरचा अर्थही उलटा. आपल्याकडे डिपर मारला म्हणजे 'मी येतोय, तू थांब'. इथे बहुतेक लोक 'तू ये' म्हणून मारतात. आल्या आल्या पहिल्या आठवड्यात अरुंद रस्त्यावर एकाने मारला, मी थांबलो. तोही थांबलेला. पुन्हा मारला, मी आणखी कडेला घेतली. शेवटी त्याने काच खाली करून काय म्हटलं ते इथे टंकत नाही.

टूटी_ऑइल

मी वयाने इथल्या बहुतेकांपेक्षा मोठा असेन. आमच्या काळी चेतकवर हात करणं शक्यच नव्हतं. डाव्या मुठीत क्लच आणि गिअर दोन्ही, उजव्या मुठीत ॲक्सिलरेटर, पायाशी मागचा ब्रेक, पुढे मुलगा उभा, मागे बायको, तिच्या मांडीवर धाकटी. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहून मिळालेली गाडी, तिच्यावरून हात कोण सोडतो!

पण थांबायचे लोक. १९८६ ची गोष्ट. कात्रजच्या घाटात, जुन्या बोगद्याच्या अलीकडे गाडी बंद. आधी रिवाजाप्रमाणे गाडी आडवी केली, पुन्हा किक. दहा किका, वीस किका. प्लग काढला तर काळा कोळसा. काचकागद घरी राहिलेला. तेवढ्यात लॅम्ब्रेटावरून एक गृहस्थ वर आले, काही न विचारता स्टँडला लावली आणि डिकीतून कापडात गुंडाळलेला प्लग काढून माझ्या हातात ठेवला. पहिल्या किकला चालू. मी पैसे काढले तर म्हणाले, "पैसे नकोत, तुमचा तो जुना प्लग द्या. घासून वापरीन." आणि खरंच खिशात घालून गेले. नाव विचारायचं राहिलं. बायको अजून म्हणते, त्या माणसाला फायदाच झाला.

त्या वेळी डिकीत जादा प्लग, प्लगपाना आणि क्लचची तार नसलेला माणूस बेजबाबदार समजला जायचा. आता गाड्या बंदच पडत नाहीत, तर थांबणार कोण आणि कशासाठी.

धूरकरी

काका, दंडवत. आमच्या गाड्या अजून बंद पडतात, त्यामुळे आमच्यात प्रेम टिकून आहे.

१९७८ ची येझदी आहे माझ्याकडे. जावा-येझदीवाला दुसरा दिसला की हात हा होतोच, गाडी दिसण्याआधी आवाज येतो, आवाजाआधी वास. दर जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा दिवस असतो, गावोगावचे जावावाले जमतात, निम्मा वेळ दुसऱ्याच्या गाडीपाशी उकिडवं बसण्यात जातो. नव्या माणसाला ओळखायची खूण सांगतो: तो किक शोधतो. आमच्यात गिअरचा दांडाच उलटा फिरवला की किक होते.

वाद एवढाच आहे, की २०१८ मध्ये आलेल्या नव्या जावावाल्याला हात करायचा का. मी करतो. आमच्यातले काही करत नाहीत. मैसूरचा कारखाना १९९६ ला बंद झाला, तिथे जावा संपली, चार स्ट्रोकची जावा ही जावाच नव्हे, असं त्यांचं म्हणणं. एकजण तर आधी सायलेन्सरकडे बघतो, धूर आला तरच हात वर.

घाटवळण

म्हणजे पीयूसीवाले ज्याला दंड करतात त्याला तुम्ही सलाम करता.

धूरकरी

बरोबर.

स्कार्फधारी

एवढे प्रतिसाद आले, सगळे पुरुष. आता माझं ऐका.

मी रोज कोथरूड ते हडपसर ॲक्टिव्हावर जाते. कोणालाही हात करत नाही, मान हलवत नाही, बघतही नाही. कारण अनोळखी माणसाला मान हलवली की पुढच्या तीन सिग्नलपर्यंत तो शेजारी असतो. तुमचा बंधुभाव तुम्हाला लखलाभ, त्यात 'बंधु' आहे हे शब्दातच आलं.

पण एक गोष्ट सांगते. दोन वर्षांपूर्वी कर्वे रस्त्यावर संध्याकाळी मागून एकजण सतत हॉर्न देतोय. मी डावीकडे घेतली, तो डावीकडे. मी वेग वाढवला, त्यानेही वाढवला. हेल्मेटमधून काहीतरी ओरडतोय. मी मनात म्हटलं, सिग्नलला पोलीस असेल, तिथे बघते याला. नळ स्टॉपला लाल दिवा लागला, तो शेजारी येऊन थांबला, काच वर केली. घामाघूम झालेला विशीतला मुलगा. "ताई, ओढणी! केव्हाचा ओरडतोय!"

खाली बघितलं तर ओढणीचं टोक मागच्या चाकाच्या वीतभर वर लोंबत होतं. काळं पडलेलं, म्हणजे आधी चाकाला शिवून आलेलं. मी ती ओढून घेईपर्यंत हिरवा झाला आणि तो वळून निघूनही गेला. त्याला उजवीकडे जायचं होतं की नव्हतं, देव जाणे. आभार मानायचे राहिले ते राहिलेच.

त्यानंतर मीही ओरडते. ओढणी, पदर, लटकणारी पिशवी. बायका माझ्यावर संशय घेत नाहीत हा फायदा.

रंकाळ्याचा

ताईंनी मुद्द्यावर आणलं. आपल्याकडं हात करणं म्हणजे "स्टँड!" हो, दुसरं काय. अख्ख्या महाराष्ट्रात कुठंबी जावा, साइड स्टँड खाली ऱ्हायला असंल तर शंभर मीटरच्या आत कुणीतरी बोंबलणारच. पोरगं असू दे, म्हातारं असू दे, रिक्षावाला असू दे. भांडण चालू असलं तरी मधी थांबून सांगत्यात. आमच्या इथं दोघं कट मारल्यावरनं गाडी चालवत शिव्या देत होते, त्यातला एक म्हणला, "आणि स्टँड काढ आधी, मरशील." मग पुढची शिवी.

लेस्टरकर

+१. इथे कोणी असं ओरडत नाही. मी एकदा एकाला खूण केली तर त्याला वाटलं मी शर्यत लावतोय.

टूटी_ऑइल

आता बऱ्याच नव्या गाड्यांत स्टँड खाली असला तर गिअर टाकताच इंजिन बंद होतं. बरं झालं, पण ती हाकही कमी होणार.

हेडलाइटचं तेच झालं. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा कायम चालू ठेवणं सक्तीचं झालं. मी त्याच वर्षी गाडी घेतली. पहिले सहा महिने समोरून येणारा प्रत्येकजण पंजा उघडझाप करून दाखवायचा, "लाइट चालू आहे". ऑफिसला पोचेपर्यंत वीसेक तरी. सुरुवातीला मी खुणेने सांगायचो की बंद होत नाही. ती खूण कशी करायची हे मला आजही कळलेलं नाही. शेवटी प्रत्येकाला नमस्कार करू लागलो. उघडझाप आता बंद झाली. खरं सांगायचं तर थोडी चुकचुक वाटते.

रंकाळ्याचा

आणि पाय लावायचं कुणी काढलंच न्हाई! पेट्रोल संपून गाडी ढकलत चाललेला माणूस दिसला, की मागनं कोणतरी येतंयच: "बसा, पाय लावतो." ओळख न्हाई, पाळख न्हाई. आपला पाय त्याच्या मागच्या फूटरेस्टवर, आणि पंपापर्यंत ढकलत न्यायचं.

करणाऱ्यानं एवढं बघावं. गिअरची गाडी असंल तर डावा पाय अडकला की गिअर बदलता येत न्हाई, उजवा अडकला की मागचा ब्रेक गेला. म्हणून बिनगिअरची बरी. पुढच्यानं न सांगता ब्रेक दाबायचा न्हाई. आणि सायलेन्सरवर पाय ठेवायचा न्हाई, माझी एक चप्पल तिथंच चिकटून ऱ्हायली होती, अजून त्या गड्याच्या गाडीला असंल.

घाटवळण

धोकादायक आहे, पोलिसांनी धरलं तर बोलता येणार नाही, घाटात तर मुळीच करू नये. हे लिहिणं भाग आहे म्हणून लिहिलं. मी स्वतः चार वेळा लावला आहे आणि दोनदा लावून घेतला आहे.

ल्योंचा_मराठी

फ्रान्समधून गंमत सांगतो. इथे मोटरसायकलवाले आभार मानतात ते पायाने! गाड्यांच्या दोन रांगांमधून जाताना एखाद्या कारवाल्याने सरकून वाट दिली, की पुढे गेल्यावर उजवा पाय फूटरेस्टवरून काढून बाजूला लांब करायचा. हात दोन्ही हँडलवर गुंतलेले, म्हणून पाय. पहिल्यांदा मी कारमध्ये होतो, मला वाटलं याने मला लाथ दाखवली. आपल्याकडे चुकून कोणाला पाय लागला तर हात लावून नमस्कार करतो आपण, सहकाऱ्याने समजावून सांगेपर्यंत माझं डोकं फिरलेलं होतं.

कोल्हापूरकरांना इथे आणून सोडलं तर फार मान मिळेल.

पिलियन_नंबर_वन

आमच्या घरी चालवतो नवरा, हात करायचं खातं माझ्याकडे. मागे बसणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे असतात हे कोणालाच सुचलं नाही का?

मनाली-लेह केलं तेव्हा पाच दिवस मी नुसता अंगठा दाखवत होते. तिथे सगळे सगळ्यांना करतात, बुलेट, पल्सर, भाड्याची स्कूटर, काही भेद नाही. लडाखात शिरल्यावर रस्त्याकडेची मुलं "जुले" म्हणत टाळीसाठी हात पुढे करतात. गाडी अगदी हळू केली तरच द्या, आणि तीही नुसता हात धरून. माझ्या नवऱ्याने चाळीसच्या वेगात दिली, मुलगा हसत राहिला, हा दिवसभर बोटं चोळत होता.

पण मला वाटतं, तिथला जिव्हाळा हवेतून येत नाही, पेट्रोलमधून येतो. तांदीच्या पंपावर पाटी होती, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. ती वाचली, की समोरून येणारा प्रत्येकजण सख्खा भाऊ वाटायला लागतो. कोणाकडे कॅन आहे, कोणाकडे पंक्चरचं सामान, पुढे नाल्याला पाणी किती, हे तोच सांगणार. टांगलांग ला ही खिंड ५,३२८ मीटरवर, तिथे आमच्या शेजारी थांबलेल्या बंगळूरच्या जोडप्याने न विचारता गरम पाणी दिलं. परतल्यावर पुण्यात त्याच नवऱ्याने शेजारच्या सोसायटीतल्या माणसाला पार्किंगवरून काय ऐकवलं!

पणजीचो_पाव

गोव्यातून. आमच्याकडे दुचाकीची टॅक्सी असते, पिवळ्या मडगार्डची, चालवणाऱ्याला पायलट म्हणतात. तुमच्याकडे हल्ली मोबाइलवर निघालं ते इथे कधीचं आहे. पायलट एकमेकांना हात करत नाहीत, हॉर्नचा एकच ठिपका देतात, पीप. गिऱ्हाईक मागे असताना हात सोडलेला शोभत नाही, असं आमच्या नाक्यावरच्या एका जुन्या पायलटाने मला सांगितलं होतं.

भाड्याच्या गाड्यांना काळी पाटी, पिवळी अक्षरं. त्या पाटीवाला हात करतो आमकां, पण तो उजवीकडे वळायचा इंडिकेटर देऊन डावीकडे बघत असतो, म्हणून आम्ही हात न करता ब्रेक करतो.

पार्सलवाला_२४

मोबाइलवरून लिहितोय, चुका सांभाळून घ्या. मी तीन वर्षं पार्सल पोचवतो. एवढा धागा वाचला, आमच्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

आमचं रस्त्यावर हात करणं नसतं, वेळ नसतो. सिग्नलला होतं जे व्हायचं ते. टी-शर्ट कोणत्या रंगाचा आहे बघत नाही कोणी, सगळ्या कंपन्यांचे सारखेच. "भावा, चार नंबर गेटने जाऊ नको, गाडी बाहेर लावायला लावतात." "त्या बिल्डिंगची लिफ्ट बंद आहे, आधी फोन कर, खाली बोलव." पावसात कोणाच्या फोनमध्ये पाणी गेलं तर दुसरा स्वतःच्या फोनवरून गिऱ्हाइकाला लावून देतो. पॉवर बँक तर सार्वजनिकच आहे. मागच्या पावसात मी खडीवर घसरलो. मला उचलायला जे तिघे थांबले ते तिन्ही पार्सलवाले. त्यातल्या एकाने माझी ऑर्डर नेऊन दिली, गिऱ्हाइकाला सांगितलं की तो पडला आहे. त्याची स्वतःची ऑर्डर त्यामुळे उशिरा गेली, ते त्याच्या खात्यावर लागलं असणार.

पेट्यावाले पण गेले बाजूने दोन. एकाने हात केला. मी जमिनीवर होतो.

स्कार्फधारी

शेवटच्या दोन वाक्यांवर काय लिहावं कळत नाही.

हडसनकाठचा

पार्सलवाला, आता पाय कसा आहे?

पार्सलवाला_२४

बरा आहे. गुडघ्याला सहा टाके होते. दहाव्या दिवशी कामावर.

घाटवळण

यावर एक उपयोगाचं लिहितो, कारण 'पोलिसांचं लफडं नको' म्हणून न थांबणारे मी पाहिले आहेत. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४ ए आलं आहे. अपघातग्रस्ताला चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर त्याबद्दल दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव-पत्ता सांगण्याची सक्तीही नाही. थांबा, मागून येणाऱ्यांना हात दाखवून गाड्या हळू करायला लावा, १०८ ला फोन करा. आणि पडलेल्याचं हेल्मेट ओढून काढू नका, मानेला मार असू शकतो.

चोक_ओढून_पाहा

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. काल परत ताम्हिणीत गेलो होतो. पेट्यावाले दिसले, मी मान हलवली, दोघांनी हलवली, तिघांनी नाही, मला काही वाटलं नाही. एका वळणावर दरड पडून निम्मा रस्ता खडीने भरला होता. तिथून पुढे समोरून येणाऱ्या प्रत्येकाला, अगदी एसटीच्या ड्रायव्हरलासुद्धा, तळवा खाली करून दोनदा थोपटत गेलो. एसटीवाल्याने लाइट मारला. एक स्कूटरवाला मात्र खूश होऊन उलट हात करत, पिळत गेला. आरशात बघत राहिलो, पण वळणाने दिसेनासा झाला.

रंकाळ्याचा

त्याचा धागा येईल आता दोन दिवसांत.

नवा_सदस्य_७

वरंधा घाट चालू आहे का? शनिवारी महाडला जायचं आहे.

घाटवळण

घाटांच्या चौकशीचा वेगळा धागा आहे, तिथे विचारा.

स्कार्फधारी

धागाकर्ते, तुमच्या प्रोफाइल फोटोत स्टँड खाली आहे.

चोक_ओढून_पाहा

ताई, गाडी उभी आहे हो त्यात!

स्कार्फधारी

सवय.